काळा रणगाडा काय सांगतो?

मुलांनो, बदलापूर किंवा अंबरनाथहून लोकलनं कल्याणकडे निघालात की वाटेत उल्हासनगर लागतं. तिथं रिक्षात बसलात तर रिक्षावाला पहिल्यांदा विचारतो, "कुठला कॅम्प?" तिथल्या पत्त्यांतही 'बॅरॅक नंबर' असतो. असं का बरं?

कारण दुसऱ्या महायुद्धात इथं खरोखरच सैनिकांची छावणी होती. युद्ध संपलं, सैनिक गेले. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली सुमारे एक लाख माणसं त्याच बराकींत राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीचं नाव 'उल्हासनगर' झालं.

इथं सैनिक गेले आणि कुटुंबं आली. त्याच युद्धात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नेमकं उलट घडलं. तिथल्या डेव्हन परगण्यात स्लॅप्टन सँड्स नावाचा किनारा आहे. १९४३ च्या डिसेंबरपर्यंत आसपासच्या गावांतल्या सुमारे तीन हजार लोकांना घरं, शेतं, गुरंढोरं हलवावी लागली. कशासाठी? तर अमेरिकन सैनिकांच्या सरावासाठी! फ्रान्सच्या ज्या किनाऱ्यावर ते उतरणार होते, त्याच्याशी हा किनारा मिळताजुळता होता.

२८ एप्रिल १९४४ ची मध्यरात्र उलटून गेली होती. सैनिक आणि रणगाडे घेऊन आठ मोठी जहाजं सरावासाठी किनाऱ्याकडे येत होती. अचानक नऊ जर्मन पाणतीर नौकांनी त्यांना गाठलं. दोन जहाजं बुडाली. एकाच रात्रीत सुमारे ७५० जण गेले!

आता नीट ऐका. ते सगळेच काही शत्रूच्या माऱ्यानं मेले नाहीत. कितीतरी जणांनी तरंगायचा पट्टा काखेखाली बांधायच्या ऐवजी कमरेला बांधला होता. पाठीवर जड ओझं. उडी मारताच डोकं खाली, पाय वर! शिवाय कागदावर बिनतारी संदेशाचा आकडा चुकीचा छापला गेला होता. त्यामुळे धोक्याची सूचना वेळेवर पोचलीच नाही. संरक्षणाला दोन युद्धनौका हव्या होत्या, पण होती एकच.

या चुकांमधून सेनापती शिकले. ६ जून १९४४ रोजी खरी चढाई झाली, त्याआधी सैनिकांना पट्टा कसा बांधायचा ते शिकवलं गेलं आणि संदेशांचा घोळ निस्तरला गेला. पण वाचलेल्या सैनिकांना मात्र 'गप्प राहा' असा हुकूम होता.

१९५४ मध्ये किनाऱ्यावर एक दगडी स्तंभ उभा राहिला. त्यावर घरं सोडणाऱ्या गावकऱ्यांचे आभार मानले आहेत. चांगलंच झालं. पण बुडालेल्यांबद्दल त्यावर एक शब्दही नाही!

मग जवळच्या टॉरक्रॉस गावात राहणाऱ्या केन स्मॉल या माणसानं मनावर घेतलं. किनाऱ्यावर फिरताना त्याला गोळ्या, बटणं सापडायची. सरावात बुडालेला एक रणगाडा समुद्राच्या तळाशी आहे, हे त्याला कोळ्यांकडून कळलं. त्यानं तो अमेरिकन सरकारकडून अवघ्या ५० डॉलरना विकत घेतला आणि खूप खटपटी करून १९८४ मध्ये वर काढला. आज तो काळा रणगाडा त्या सैनिकांचं स्मारक म्हणून टॉरक्रॉसला उभा आहे.

युद्धात पडलेल्यांची गाणी होतात. पण तयारी करताना गेलेलेही देशासाठीच गेले ना? आणि हो, मुलांनो, पुढच्या वेळी नावेत बसाल तेव्हा जाकीट नीट बांधलंय ना, हे एकदा तपासून बघा. तेही एक स्मारकच!