घरट्यातल्या पिल्लांना कोण काय भरवतं?

ताईंनो, मृग बहाराची संत्री तुटली की आपण सल काढायला बागेत जातो. तेव्हा एखाद्या फांदीच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं दिसतं. बहुतेकदा ते बुलबुलाचं असतं. डोकं काळं, शेपटीखाली लाल, तोच तो. फांदी कापायच्या आधी आत जरूर डोकावा. दोन-तीन अंडी किंवा पिल्लं असली, तर ती फांदी चार आठवडे राहू द्या. साधारण चौदा दिवसांत अंडी फुटतात आणि पुढे बारा-तेरा दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर पडतात.

अंड्यातून निघालेलं पिल्लू उघडं असतं, डोळे मिटलेले. त्याला ऊबही आईबापाचीच. फांदी जरा हलली की ते चोच वासतं, कारण त्याला वाटतं घास आला. बुलबुल नर-मादी दोघंही भरवतात. (आपल्या घरी हे काम कोण करतं, ते विचारू नका!) लहान पक्ष्यांचं जोडपं दिवसाला शंभरावर फेऱ्या सहज मारतं. पिल्लाची शीसुद्धा पांढऱ्या पिशवीसारखी बाहेर येते. आईबाप ती चोचीत धरून लांब टाकतात, म्हणून घरटं स्वच्छ राहतं.

आता खाण्याचं. चिमणी दाणे खाते, म्हणून पिल्लालाही दाणेच देत असेल असं आपल्याला वाटतं. तसं नाही. आपण बाळाला सहा महिन्यांआधी भाकर देत नाही ना? चिमणीही कोवळ्या पिल्लाला अळ्या, किडे भरवते, कारण अंग भरायला प्रथिनं लागतात. होला आणि पारवा यांची रीत वेगळी. त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत दह्यासारखा पदार्थ तयार होतो, तोच ते पिल्लाला पाजतात. तो मादीत तयार होतो, तसा नरातही होतो.

म्हणजे संत्र्याच्या पानावरची अळी आपल्याला नुकसान, पण पिल्लाचं तेच जेवण. त्या दिवसांत बागेत विषारी फवारणी झाली, तर अळ्या मरतात आणि पिल्लं उपाशी राहतात. विष लागलेली अळी पोटात गेली तर आणखी वाईट. लहान रोपांवरच्या अळ्या हाताने वेचता येतात. कोवळेपणी ती अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, तेव्हा नीट बघा. फवारणी करावीच लागली, तर आधी कृषी सहायकाला विचारा आणि घरट्याचं झाड सोडायला घरच्यांना सांगा.

वारावादळानंतर पोरं पिल्लू उचलून घरी आणतात, त्याला दूध-पोळी देतात, चोचीत पाणी ओततात. ते करू देऊ नका. श्वासाचं भोक जिभेच्या मागेच असतं, पाणी त्यात जातं आणि पिल्लू गुदमरतं. पिसं नसलेलं पिल्लू सापडलं तर अलगद परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही खोटी समजूत आहे. पिसं आलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. त्याला जवळच्या झुडपात ठेवा, मांजर-कुत्रं हाकला आणि लांबून पाहा. थोड्या वेळाने आई चोचीत अळी घेऊन येते.