सोसायटीच्या बिलात जादा रक्कम लागली तर?

नांदेड-लातूरकडच्या खेड्यांतली पुष्कळ माणसे मुलांच्या शिक्षणासाठी शहर गाठतात. 'लातूर पॅटर्न'चे नाव तर घरोघरी पोचले आहे. कोणी खोली भाड्याने घेतो. ज्याला झेपते, तो कर्ज काढून फ्लॅट घेतो. पुढे मुलांचे शिकणे संपते. फ्लॅट रिकामा कशाला ठेवायचा, म्हणून आपण तो भाड्याने देतो. मग सोसायटीच्या बिलात एक नवीच रक्कम दिसू लागते. शेजारच्याला ती नसते. मग आपल्यालाच का?

या रकमेला 'बिनभोगवटा शुल्क' म्हणतात. मालक स्वतः राहत नाही, भाडेकरू राहतो, म्हणून ते लावतात. ते लावण्याचा सोसायटीला अधिकार आहे. पण मनाला येईल तेवढे लावता येत नाही.

महाराष्ट्र सरकारने १ ऑगस्ट २००१ रोजी याची हद्द ठरवून दिली. हे शुल्क सेवाशुल्काच्या शेकडा १० पेक्षा जास्त नको. सेवाशुल्क म्हणजे चौकीदार, झाडलोट, जिन्यातले दिवे यांचा खर्च. महानगरपालिकेचा कर त्यात धरायचा नाही. मुंबईची एक सोसायटी याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली होती. २००७ साली न्यायालयाने सरकारचीच बाजू उचलून धरली.

आता हिशेब करून पाहू. समजा, सेवाशुल्क महिना ६०० रुपये आहे. त्याचे शेकडा १० म्हणजे ६० रुपये. सोसायटीने ५०० लावले, तर ४४० जादा झाले. वर्षाचे झाले ५,२८० रुपये! एवढ्यात बियाण्याच्या पिशव्या येतील.

घरात आपले आईवडील, भाऊ-बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून किंवा नातवंडे राहत असतील, तर हे शुल्क मुळीच लागत नाही.

मग करायचे काय? भांडू नका. आधी बिल ओळ न् ओळ वाचा. सेवाशुल्क किती, ते लेखी मागा. मग सचिवांना अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. ती प्रत जपून ठेवा. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, कागद राहतो.

रागाच्या भरात सगळे बिल थांबवू नका. जे खरे देणे आहे, ते वेळेवर भरा आणि पावती घ्या. नाहीतर थकबाकीवर व्याज चढते आणि आपलीच बाजू लंगडी पडते.

सोसायटीने दाद दिली नाही, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे किंवा सहायक निबंधकाकडे तक्रार करा. तेवढ्याने भागले नाही, तर सहकार न्यायालय आहे.

एक गोष्ट आधी पाहून घ्या. हा नियम नोंदलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेला लागतो. काही इमारतींत 'अपार्टमेंट'चा वेगळा कायदा चालतो. आपली इमारत कोणत्या कायद्यात बसते, ते खरेदीखतात वाचा.

वाचता येऊ लागले, ते अशा वेळी उपयोगी पडावे. सही करण्याआधी आणि पैसे मोजण्याआधी कागद वाचायचा, एवढी सवय आपण लावून घेऊ.