जुन्या बोटीला नवा जीपीएस घेताय? आधी तारा बघा, मग पडदा

१ जूनला मासेमारी बंद झाली की कोकणातल्या बंदरांवर बोटी वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात. ३१ जुलैपर्यंत इंजिन उघडायचं, गळती बुजवायची, तळाला रंग द्यायचा, जाळी दुरुस्त करायची. या सगळ्यात केबिनमधल्या यंत्रांचा नंबर शेवटी लागतो. "चालतंय ना, मग राहू दे" म्हणत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा जीपीएस, खरखरणारा वायरलेस आणि अर्धा काळा पडलेला फिश फाइंडर पुन्हा एका हंगामाला निघतो.

कधी उलटंही होतं. मागचा हंगाम बरा गेलेला असतो, मालक मोठ्या रंगीत पडद्याचा सेट आणतो आणि तो जुन्याच कुजलेल्या तारांना जोडून दिला जातो. मग रात्री भर समुद्रात इंजिनला स्टार्टर मारला की पडदा विझतो. सेट पुन्हा सुरू होऊन जागा दाखवेपर्यंत तांडेल आंधळा. दोष नव्या सेटला दिला जातो, खरं दुखणं मात्र खाली बॅटरीपाशी असतं.

जुन्या बोटीवर पैसे घालायचे तर क्रम असा हवा: आधी वीज, मग मदत मागायची यंत्रं, आणि राहिले तर पडदा. बहुतेक ठिकाणी तो नेमका उलटा असतो.

जुना जीपीएस बिघडलाय का? तारीख बघा

जुना सेट मोकळ्या आकाशाखाली चालू करा आणि पडद्यावरची तारीख वाचा. ती साधारण १९ वर्षं ७ महिने मागची दिसली तर घाबरू नका, कारण ठाऊक आहे. जीपीएसचे उपग्रह आठवडे मोजतात आणि जुन्या पद्धतीत ही मोजणी १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्यावर येते. पहिल्यांदा असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, दुसऱ्यांदा एप्रिल २०१९ मध्ये. ज्या सेटचं आतलं सॉफ्टवेअर जुनं राहिलं, त्यांची तारीख त्यानंतर मागे गेली. काहींची त्याच दिवशी, काहींची पुढे-मागे.

अशा सेटवर बोटीची जागा बहुतेक वेळा बरोबरच दिसते, म्हणून तांडेलाच्या लक्षात येत नाही. पण भरती-ओहोटीच्या वेळा तो सेट तारखेवरून काढत असेल, तर त्या साफ चुकतात. खाडीच्या तोंडातून ओहोटीला आत शिरणाऱ्या बोटीला हे परवडणारं नाही. कंपनीचं नवं सॉफ्टवेअर मिळत असेल तर ते टाका, नाहीतर तो सेट राखीव म्हणून ठेवा आणि भरतीची वेळ छापील कोष्टकातून घ्या.

रोग तारांत आहे

खाऱ्या हवेत घरगुती वायरिंगची तार फार टिकत नाही. वरून प्लॅस्टिक चांगलं दिसतं, पण टोक सोललं की आतलं तांबं काळं-हिरवं पडलेलं असतं. तार पिळून, वर चिकटपट्टी मारून केलेले सांधे तर समुद्रावर मुळीच नकोत. बोटीसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार मिळते. महाग असते, पण पुन्हा पुन्हा बदलावी लागत नाही.

तपासणीसाठी साधा मल्टिमीटर पुरे. पूर्ण चार्ज होऊन काही तास शांत राहिलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ दिसलं तर ती निम्मी रिकामी समजा. आता वायरलेसचं बोलायचं बटण दाबून धरा आणि एकदा बॅटरीच्या टोकांवर, एकदा सेटच्या मागे व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर मधली तार, फ्यूज किंवा सांधा खराब आहे. २५ वॉटचा वायरलेस ऐकताना अर्धा अँपियरही घेत नाही, पण बोलताना पाच-सहा अँपियर ओढतो. म्हणूनच काही सेट ऐकायला ठणठणीत आणि बोलायला मुके असतात.

शक्य असेल तर इंजिनाची बॅटरी वेगळी आणि यंत्रांची वेगळी ठेवा. स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळतं, त्याची झळ मग यंत्रांना बसत नाही. यंत्रांच्या तारेला फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच लावा. फ्यूज केबिनमध्ये आणि बॅटरी पार मागे असेल, तर मधली सगळी तार उघड्यावर पडली. ती घासून शॉर्ट झाली की आग. मोठ्या बोटींवर २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. त्यातल्या एकीवरून १२ व्होल्ट काढून जीपीएस चालवायची सवय सगळीकडे दिसते. त्याने एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते, दुसरी जास्त तापते आणि दोन्ही लवकर बसतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. स्वस्तातले एलईडी दिवे काही वेळा वायरलेसमध्ये खरखर आणतात. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. तुमच्या बोटीवर बघायचं असेल तर वायरलेस चालू ठेवून आवाज दाबणारं बटण खरखर जेमतेम थांबेल इतकंच फिरवा, मग एकेक दिवा लावत जा. ज्या दिव्याला खरखर पुन्हा सुरू झाली, तो चोर. डोलकाठीवर अँटेनाशेजारी असा दिवा असेल, तर दूरची हाक ऐकूच येणार नाही.

वायरलेस आणि अँटेना

बोट संकटात आली तर पडदा कुणाला हाक मारत नाही. ते काम वायरलेसचं, म्हणजे व्हीएचएफ सेटचं. त्याची पोच सेटच्या किमतीवर कमी आणि अँटेनाच्या उंचीवर जास्त ठरते, कारण या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. दोन बोटींच्या अँटेना पाण्यापासून चार-चार मीटरवर असतील, तर त्यांचं बोलणं साधारण नऊ सागरी मैलांपर्यंत पोचतं. किनाऱ्यावरच्या स्टेशनचा मनोरा डोंगरावर असेल, तर तेच अंतर बरंच वाढतं. म्हणून अँटेना केबिनच्या कठड्याला बांधू नका, डोलकाठीच्या टोकाला न्या.

अँटेनाची केबल हा दुसरा चोर. बारीक केबल दहा मीटर लांब असेल तर सेटमधून निघालेल्या ताकदीतला तिसरा हिस्सा केबलमध्येच मुरतो. जोडणीत पाणी शिरलं असेल तर त्याहून जास्त. जाड केबल, नवी टोकं आणि टोकांवर पाणी अडवणारी रबरी टेप एवढ्यावर जुना सेटही पुन्हा बोलायला लागतो. नवा सेट घेण्याआधी हे करून बघा.

तरीही नवा घ्यायचा ठरला, तर डीएससी असलेला घ्या. त्यावर झाकणाखाली लाल बटण असतं. ते दाबून धरलं की सेट आपणहून संकटाचा संदेश पाठवतो, त्यात बोटीचा नंबर आणि जागा असते. पण दोन अटी आहेत. सेटमध्ये नऊ आकडी एमएमएसआय नंबर भरलेला हवा आणि सेटला जीपीएस जोडलेला हवा. भारतातल्या बोटींचा नंबर ४१९ पासून सुरू होतो. तो सरकारकडून मिळतो, दुकानदाराने मनाने टाकायचा नसतो. वायरलेसला परवानाही लागतो. कागद कुठले, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या. कित्येक बोटींवर लाल बटण असतं, पण नंबरही भरलेला नसतो आणि जीपीएसची तारही लोंबकळत असते. ते बटण मग नुसतं शोभेचं.

संकटाची हाक चॅनल १६ वर द्यायची. आधी "मेडे" तीनदा, मग बोटीचं नाव, जागा, काय झालंय आणि बोटीवर माणसं किती. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. ही दोन ओळींची चिठ्ठी केबिनमध्ये चिकटवून ठेवा, कारण पाणी आत येताना कुणाला काही आठवत नाही. आणि खलाशांपैकी किमान दोघांना सेट चालवता आला पाहिजे. तांडेलच समुद्रात पडला तर हाक कोण देणार?

फोनला जोडणारा ट्रान्सपॉन्डर

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी मासेमारी नौकांसाठीच्या ट्रान्सपॉन्डर योजनेची देशभर सुरुवात केली. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख नौकांवर ही यंत्रं बसवायची, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. तंत्रज्ञान इस्रोचं आहे आणि यंत्र बोटमालकाला फुकट मिळतं. संदेश उपग्रहामार्फत जातो, त्यामुळे मोबाइलची रेंज लागत नाही. खलाशाचा फोन ब्लूटूथने त्याला जोडला जातो आणि 'नभमित्र' ॲपवरून दोन्ही बाजूंनी संदेश पाठवता येतात. वादळाची सूचना येते, संकटात हाक देता येते, सागरी सीमेजवळ गेल्यास इशारा मिळतो. पालघरचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि सीमा ओलांडल्याच्या आरोपाखाली पाकिस्तानात अडकतात, त्यांच्यासाठी हा इशारा किती मोलाचा, ते त्यांच्या घरच्यांना विचारावं.

काही बोटींवर हे यंत्र बसवलंय, पण त्याची वीज काढून ठेवलेली असते. "आपली जागा सगळ्यांना कळेल" ही भीती त्यामागे असते. मासे मिळतात ती जागा लपवायची हे समजण्यासारखं आहे. पण बंद यंत्राला बुडणारी बोटही दिसत नाही.

मोठ्या जहाजांच्या वाटेत रात्री जाळं टाकणाऱ्यांसाठी एआयएस हेही असंच मोलाचं. आंतरराष्ट्रीय वाहतुकीतल्या ३०० टन आणि त्यावरच्या जहाजांवर ते असावंच लागतं. तुमच्या बोटीवर असेल तर तुम्ही त्यांच्या पडद्यावर दिसता. लाकडी किंवा फायबरची बोट रडारवर फार क्षीण उमटते. एआयएस परवडत नसेल तर निदान धातूचा रडार रिफ्लेक्टर डोलकाठीवर टांगा. त्याला वीजही लागत नाही.

वडिलांच्या जागा नव्या सेटमध्ये आणताना

जुन्या सेटची खरी किंमत त्यातल्या जागांत असते. कुठे खडक आहे, कुठे बुडालेल्या गलबतात जाळं फाटतं, कुठे थंडीत मासा लागतो, हे वीस-वीस वर्षांत साठवलेलं असतं. सेट विकला किंवा त्याच्या आतली छोटी बॅटरी संपली की काही सेटांतून ते सगळं पुसलं जातं. म्हणून पहिलं काम, एकेका जागेचा फोनवर फोटो काढा आणि वहीतही उतरवा.

आता चूक कुठे होते ते बघा. जागेचा आकडा लिहायच्या तीन पद्धती आहेत. मालवणजवळची एक जागा जुना सेट १६ अंश ०३.५० मिनिटं अशी दाखवतो. इथलं '.५०' म्हणजे अर्धं मिनिट. नवा सेट अंश-मिनिट-सेकंदावर असेल आणि कुणी ते १६ अंश ०३ मिनिटं ५० सेकंद असं भरलं, तर? अर्धं मिनिट म्हणजे ३० सेकंद. फरक पडला २० सेकंदांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणजे २० सेकंदांत खडक सहाशे मीटरपेक्षा जास्त सरकला. पडद्यावर मोकळं पाणी आणि खाली दगड.

फोनवरचा नकाशा हीच जागा १६.०५८३ अशी नुसत्या दशांशात दाखवतो, ती तिसरी पद्धत. नवा सेट हाती आला की सेटिंगमध्ये जाऊन जुन्या सेटची पद्धत निवडा आणि मगच आकडे भरा. दोन्ही सेट शेजारी ठेवून बंदरातल्या जेटीवर चालू करा. आकडे जुळले तरच पुढचं काम.

कागदी सागरी नकाशावरून जागा उचलत असाल, तर नकाशाच्या कोपऱ्यात डब्ल्यूजीएस ८४ लिहिलंय का ते वाचा. जुने नकाशे वेगळ्या मोजणीवर काढलेले असतात आणि जीपीएसच्या आकड्याशी काही शे मीटरने चुकू शकतात. नवे नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. खाडीच्या तोंडावरची वाळू मात्र दर पावसाळ्यात जागा बदलते. तिथे कुठल्याच पडद्यावर विसंबू नका, आधी आत गेलेल्या तांडेलाला विचारा.

बोट वर आहे तोवर

फिश फाइंडरचा तळाला बसणारा भाग बदलायचा असेल तर तो बोट वर असतानाच. पंख्याच्या फेसापासून आणि तळाच्या फळीच्या कडांपासून दूर बसवा, बुडबुडे आले की पडदा नुसता भुरभुरतो. उथळ पाण्यात २०० किलोहर्ट्झ बारीक दाखवतं, खोल पाण्यात ५० किलोहर्ट्झ लागतं. या भागावर तळाचा नेहमीचा रंग थापू नका.

होकायंत्र काढून टाकू नका. वीज गेली तरी ते चालतं. मात्र नवा सेट, विशेषतः स्पीकरवाला, त्याच्या शेजारी बसवला की सुई सरकते. सेट लावण्याआधी आणि लावल्यावर, दोन्ही वेळा जेटीच्या रेषेवर होकायंत्र वाचा.

बोट पाण्यात उतरली की बंदरातच सगळं एकदम चालू करा. दिवे, वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर लावून ठेवा आणि वर स्टार्टर मारा. काही विझलं तर अजून किनाऱ्यावरच आहात. वायरलेसची चाचणी १६ वर गप्पा मारून नको, दुसऱ्या बोटीशी बोलून दुसऱ्या चॅनलवर घ्या. लाल बटण कधीही चाचणीसाठी दाबू नका. चुकून दाबलं गेलंच तर सेट बंद करून गप्प बसू नका. संदेश रद्द करा, चॅनल १६ वर बोटीचं नाव सांगा आणि चुकून दाबलं गेलं असं स्पष्ट कळवा. नाहीतर तटरक्षक दलाची बोट तुम्हाला शोधायला निघालेली असते.