धरणाचा आवाज दिवाणखान्यात

भोरजवळचं भाटघर धरण पावसाळ्यात भरलं आणि स्वयंचलित दरवाजांतून पाणी सुटलं, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही नीट ऐकू येत नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. होम थिएटरमधलं बरंचसं ‘कॉम्प्रेशन’, म्हणजे आवाजाची माहिती दाबून लहान करणं, कानाच्या याच मर्यादेवर उभं आहे.

हिशेब करून पाहा. ५.१ म्हणजे सहा चॅनेल. प्रत्येकाचे सेकंदाला ४८,००० नमुने, एकेक नमुना २४ बिटांचा. गुणाकार येतो ६९ लाख १२ हजार बिट, तेही दर सेकंदाला! हा न दाबलेला, म्हणजे पीसीएम आवाज. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल तेच काम जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजार बिटांत उरकतो. जे झाकलंच जाणार, ते तो नीट जपत बसत नाही. आणि एकदा गेलेलं परत येत नाही.

पण ‘दाबलेला तो वाईट’ हेही सरसकट खरं नाही. ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ फाइल झिप करावी तसे आवाज आवळतात. उघडल्यावर प्रत्येक बिट जसाच्या तसा.

ऑप्टिकल केबलमधून मात्र न दाबलेले सहा चॅनेल जात नाहीत, त्याला एचडीएमआयच हवी. आणि खरं सांगायचं तर, पत्र्यावर पाऊस वाजत असताना दाबलेल्या आणि न दाबलेल्या आवाजातला फरक कुणाला कळणार? तेव्हा स्पीकर सोफ्यामागे दडपलेले नाहीत ना, हे आधी बघावं.