भूत भेटलेच नाही!

गेल्या डिसेंबरात माझा ५६ वा वाढदिवस लेकीने पुण्यात साजरा केला. हॉटेलात जेवायला नेण्याआधी तिने आम्हाला एका ‘भुताच्या हवेली’त नेले. एस्केप रूम म्हणतात त्याला. ज्यांची मुले पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत त्यांना हा प्रकार ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. पाच-सहा जणांना खोलीत घालून दार बाहेरून लावून घेतात. आत कोडी असतात. एक कोडे सुटले की कुलपाचा आकडा मिळतो, ते कुलूप उघडले की पुढचे कोडे. साठ मिनिटांत शेवटचे दार उघडले तर तुम्ही जिंकलात. २००७ साली जपानमधल्या क्योतो शहरात हा खेळ सुरू झाला आणि तिथून जगभर पसरला. माणशी नऊशे रुपये देऊन स्वतःला कोंडून घ्यायचे, हे आमच्या सौ.ना काही केल्या पटेना.

आत गेलो ते मी, सौ., लेक, जावईबापू आणि आमचे धाकटे चिरंजीव. मोबाईल बाहेरच्या खोक्यात ठेवायला लावले. दार लागले, लाल दिवा लागला आणि माझी निराशा सुरू झाली. कापसाची कोळिष्टके, प्लास्टिकचा सांगाडा (त्याच्या बरगड्या मी सवयीने मोजल्या, एका बाजूला दहाच भरल्या), टेपवर पैंजणांचा आवाज आणि सगळीकडे ताज्या ऑइलपेंटचा वास. भिंतीवरचे घड्याळ बारा वाजून दहा मिनिटांवर थांबलेले, म्हणजे कुलपाचा आकडा १२१०! हे चिरंजीवांनी अर्ध्या मिनिटात ओळखले.

१९९४ साली मी प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना रात्री-बेरात्री बाळंतपणासाठी वाडीवर बोलावणे यायचे. वाटेत ओढा, ओढ्याकाठी स्मशान आणि मोटारसायकलचा दिवा कधी लागे, कधी न लागे. त्या वाटेवर टिटवी ओरडली की जे व्हायचे त्याच्या शंभराव्या हिश्श्याचेही काही त्या हवेलीत झाले नाही. मी आपला सांगाड्याला नावे ठेवण्यात आणि सौ.ना हसवण्यात दंग होतो.

माझी चूक झाली ती इथेच. पंधरा-वीस मिनिटे आमच्यातला एक माणूस काहीच बोलत नव्हता, हे डॉक्टर असून माझ्या ध्यानात आले नाही.

जावईबापू तिशीतले, रोज व्यायाम करणारे. ते दाराला पाठ लावून उभे होते. लेकीने हाक मारली तेव्हा ‘मी ठीक आहे’ म्हणाले, पण आवाज कोरडा होता. जवळ गेलो. कपाळावर दरदरून घाम, हात बर्फासारखा गार, श्वास भरभर. नाडी मोजली. पंधरा सेकंदांत तेहतीस, म्हणजे मिनिटाला १३२. ‘बाबा, ओठांना मुंग्या येताहेत, बोटं आखडलीत,’ असे हळूच म्हणाले. सासऱ्यासमोर हे सांगायची वेळ यावी याचे त्यांना केवढे ओशाळे वाटत होते, ते त्या लाल उजेडातही दिसले.

हा भीतीचा झटका. त्यांना भुताचे भय नव्हतेच, भय बंद दाराचे होते. मेंदूने धोक्याची घंटा वाजवली की मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी ॲड्रिनॅलिन सोडतात. हृदय धावते, तोंडाला कोरड पडते, श्वास वाढतो. भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका कमी होतो आणि त्यानेच मुंग्या येतात, बोटे आखडतात, चक्कर येते. रोग्याला वाटते की आता आपण मरणार. धोका खरा की खोटा हे या ग्रंथींना कळत नाही, त्यामुळे ‘घाबरण्यासारखं काय आहे त्यात’ या वाक्याचा उपयोग शून्य.

त्यांना जमिनीवर बसवले. श्वास नाकाने सावकाश घ्यायचा, सोडताना मनात सहापर्यंत मोजायचे, मीही बरोबर मोजतो, एवढेच सांगितले. पूर्वी अशा रोग्याला कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावत. मीही पुष्कळांना लावला आहे. आता तसे करू नये. दुखणे हृदयाचे किंवा फुफ्फुसाचे निघाले तर त्या पिशवीने जीव धोक्यात येतो. आणि हेही सांगून ठेवतो की वय चाळिशीपुढचे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, छातीवर दाब येऊन कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर घरच्या घरी ‘घाबरला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आधी ईसीजी, मग बाकीचे.

इकडे चिरंजीव कॅमेऱ्यासमोर हात हलवत होते. वरून आवाज आला, ‘हिंट हवी आहे का सर?’ मी ओरडलो, ‘हिंट नको, दार उघडा!’ यावर पैंजणे वाजली. पुन्हा ओरडलो. दार उघडले तेव्हा माझ्या घड्याळात चार मिनिटे होऊन गेली होती. गल्ल्यावर एकच मुलगा होता आणि तो दुसऱ्या मंडळींची पावती फाडत होता. आतून दार उघडायची काही सोय आहे का, असे विचारले तर म्हणाला, ‘सर, आजपर्यंत कधी प्रॉब्लेम आला नाही.’

त्या संध्याकाळी मला खरी भीती वाटली ती या वाक्याची. पोलंडमधल्या कोशालिन गावात ४ जानेवारी २०१९ रोजी पंधरा वर्षांच्या पाच मुली एकीचा वाढदिवस साजरा करायला अशाच खोलीत गेल्या होत्या. बाहेरच्या बाजूला गॅसच्या हीटरमुळे आग लागली. मुलींना बाहेर पडता आले नाही आणि कार्बन मोनॉक्साइडने पाचही जणी गेल्या. या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे ज्वाळा पोचण्याआधीच माणूस बेशुद्ध पडतो. त्यानंतर पोलंडभर अशा खोल्यांची तपासणी झाली आणि कित्येक बंद कराव्या लागल्या. त्याआधी १९८४ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एका करमणूक उद्यानातल्या भुताच्या किल्ल्याला आग लागली होती, त्यात आठ तरुण मुले-मुली गेली.

म्हणून मुले जाणारच असतील तर जाऊ द्या, पण आत शिरण्याआधी चार गोष्टी विचारायला सांगा. दार आतून उघडते का? वीज गेली तर कुलूप सुटते का? कॅमेऱ्यापुढे सतत माणूस बसलेला असतो का? आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता? दमेकऱ्याने धुराचे यंत्र आहे का ते विचारावे आणि पंप खिशातच ठेवावा, बाहेरच्या खोक्यात नव्हे. उघडझाप करणारे झगझगीत दिवे असतील तर फिट येणाऱ्याने जाऊ नये. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी बाहेर बाकावर बसावे, भजी खावीत.

जावईबापू मोकळ्या हवेत दहा मिनिटांत सावरले. जेवण झाल्यावर आम्ही दोघेच पान खायला निघालो तेव्हा त्यांनी सांगितले, की लहानपणी खोड्या केल्या की त्यांना कोठीच्या खोलीत कोंडत. एकदा कोंडणारे माणूस विसरूनच गेले आणि संध्याकाळी दार उघडले. हे त्यांनी माझ्या लेकीलाही सांगितले नव्हते. (त्यांच्या परवानगीनेच लिहितो आहे. मजकूर त्यांनी आधी वाचला आहे.) मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर त्यांची कंबर दुखते, पायात कळ उतरते आणि एमआरआय काढा म्हटले की कधी ऑफिसचे काम निघते, कधी पाहुणे येतात. एमआरआयचे यंत्र म्हणजे बोगदाच. माझ्याही दवाखान्यातले कितीतरी रोगी तारखा पुढे ढकलतात आणि मी त्यांना आळशी समजत आलो.

अशांसाठी सोय असते. आधी सांगितले तर डोळ्यांवर पट्टी देतात, कंबरेच्या तपासणीला काही ठिकाणी पाय आधी आत घालतात, गरज पडली तर डॉक्टर सौम्य गोळी देतात. हातात एक रबरी फुगा असतो, तो दाबला की बाहेर घंटा वाजते.

जानेवारीत जावईबापूंचा एमआरआय झाला. मी काचेपलीकडे तंत्रज्ञाच्या शेजारी उभा होतो. दहाएक मिनिटे झाली असतील, घंटा वाजली. तंत्रज्ञाने लगेच माईकवर विचारले, ‘काय झालं साहेब, बाहेर काढू का?’

आतून आवाज आला, ‘नको, नको. कोणी ऐकतंय का ते बघत होतो. चालू द्या.’