विश्लेषण : निरोगी म्हातारपणाचा अभ्यास सोळाव्या वर्षापासून का?

कमावती माणसे मुंबईला आणि गावात वयस्क मंडळी, हे रत्नागिरी जिल्ह्याचे जुने चित्र. २००१ मध्ये १६ लाख ९६ हजार असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६ लाख १५ हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे महिला होत्या १,१२२. त्यामुळे इथे म्हातारपणाचा प्रश्न बऱ्याच अंशी महिलांचा आहे.

देशाची पाहणी काय सांगते?

मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या ‘लासी’ पाहणीच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२,२५० जणांची माहिती घेतली गेली. प्रश्नावलीबरोबर रक्तदाब, हाताच्या पकडीची ताकद, दृष्टीही तपासली. साठीपुढील सुमारे ७५ टक्के लोकांना एखादा तरी दीर्घकालीन आजार असल्याचे २०२१ च्या अहवालात दिसले. मात्र हे चित्र देशाचे आणि राज्यांचे आहे, जिल्ह्याचे नाही.

त्याच व्यक्तीकडे पुन्हा का जायचे?

अशक्तपणामुळे शेतातले काम सुटले, की काम सुटल्यामुळे अशक्तपणा आला, हे एका भेटीत कळत नाही. आधी काय घडले, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच उलगडते. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक बालकांच्या नोंदी ठेवायला सुरुवात झाली. ती बालके आज आजी-आजोबांच्या वयाची आहेत आणि अभ्यास सुरूच आहे.

डेरवणमध्ये काय सुरू आहे?

चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने कोकणातील १६ ते १८ वयाच्या मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. त्याची रूपरेषा २०२० मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मुलींचे पोषण आणि शरीररचना यांचा पुढे मधुमेह, हृदयविकारासारख्या आजारांशी काय संबंध, हा त्यातील प्रश्न. मुलींचे आरोग्य त्यांच्या बाळांपर्यंत पोहोचते, हाही त्याचा एक भाग.

अडचण कुठे?

लग्नानंतर मुली सासरी जातात, कुटुंबे मुंबई गाठतात. संपर्क तुटलेल्यांची परिस्थिती उरलेल्यांपेक्षा वेगळी असेल, तर निष्कर्षच एकांगी होतात. म्हणून पत्ता आणि फोन क्रमांक अद्ययावत ठेवणे हे रक्त तपासण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

आज काय करता येईल?

सगळी उत्तरे मिळायला दशके लागतील. पण हाडांची मजबुती साधारण तिशीपर्यंतच कमावता येते, हे आधीच माहीत आहे. साठीतल्या आजीच्या औषधांइतकेच घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या ताटाकडेही लक्ष हवे, ते यासाठीच.