ट्रॅक्टरच्या पोटातले ऑईल



या पानावर आम्ही एरवी बेणेमळा, खोडव्याची पाचट, हुमणी असल्या विषयांवर लिहितो. आज ट्रॅक्टरच्या ऑईलवर लिहितो आहोत. हा प्रांत मिस्त्रीचा, शेतकी खात्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ऊस फडातून गव्हाणीपर्यंत येतो तो ट्रॅक्टरनेच. हंगाम आटोपला की गाडी दारात उभी राहते. पुढे चैत्रातली जोतिबाची यात्रा, मग नांगरट, आणि आषाढात भाताची चिखलणी. मधल्या या आठ-पंधरा दिवसांत इंजिनाचे ऑईल बहुतेक जण बदलतात. गिअरबॉक्स आणि मागच्या आसाच्या पेटीतले ऑईल मात्र गाडी घेतल्यापासून तसेच असते. कुणी विचारले तर उत्तर तयार, "गिअर पडतायत की, कशाला बदलायचं?"

आम्हीही तेच म्हणत होतो. आमच्या घरचा ट्रॅक्टर जुना, मॅसी १०३५. काही वर्षांपूर्वी यात्रेच्या आदल्या आठवड्यात अन्नछत्राला धान्याची पोती पोचवायला तो घेऊन आम्ही डोंगरावर गेलो. वाडी रत्नागिरी समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर आहे, आणि केर्लीच्या फाट्यावरून वळले की चढच चढ. चढताना काही कळले नाही. पोती उतरवून रिकामी ट्रॉली घेऊन खाली येताना एका वळणावर ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर थांबण्याऐवजी उजवीकडे ओढला गेला. उजव्या अंगाला डोंगराची कड होती, तिला चाक घासून गाडी थांबली. डाव्या अंगाला दरी होती. डावा ब्रेक धरला असता आणि उजवा सुटला असता, तर हा लेख लिहायला आम्ही नसतो.

घरी आल्यावर मिस्त्रीने डावा ड्रम उघडला. लायनर ऑईलने चिंब भिजलेले. चूक कुणाची, तर आमचीच. दोन दिवस आधी डंपिंग ट्रॉली उचललेली असताना आम्ही ऑईलची पट्टी पाहिली. ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्या पोटातलेच ऑईल ओढून घेतो, म्हणून पट्टीवर ऑईल कमी दिसले. घरात पडलेल्या कॅनमधले पाच-सहा लिटर आम्ही ओतले. ट्रॉली खाली बसल्यावर जॅकमधले ऑईल परत आले आणि पेटी गळ्यापर्यंत भरली. वरची हवा जाण्याची भोकाची टोपी चिखलाने बुजलेली होती. ऑईल तापून फुगले, हवेला वाट नाही, तेव्हा ते आसाच्या ऑईलसीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरले.

एवढ्यावरून ध्यानात येईल की हे ऑईल नुसते दात्यांना वंगण देणारे नव्हे. हॅरी फर्ग्युसनच्या १९४६ सालच्या टीई-२० ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिकचा पंप मागच्या पेटीतच बसवला होता, आणि गिअर, डिफरन्शियल व लिफ्ट या तिघांना एकच ऑईल दिले होते. आपल्याकडच्या जुन्या १०३५ चे घराणे तेच. तेव्हा या ऑईलमध्ये कचरा झाला की लिफ्ट हळू उचलते, उचललेला नांगर आपोआप खाली बसतो, पंप रडल्यासारखा आवाज करतो. आपण म्हणतो लिफ्टचा पंप गेला. पुष्कळदा पंप गेलेला नसतो, जाळी तुंबलेली असते.

बदलायचे कधी, हे गाडीच्या पुस्तकात तासांनी दिलेले असते, बहुतेक ठिकाणी हजार तासांच्या आसपास. जुन्या गाडीचे तासांचे मीटर बंद असते, तेव्हा ऑईललाच विचारावे. सकाळी गाडी सुरू करण्याआधी पट्टी काढून पाहा. रंग काळपट झाला, करपल्याचा वास आला तर बदलायला झाले. दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी आहे. मग तासांची वाट पाहू नये. आपल्या पन्हाळ्याच्या पट्ट्यात हे फार घडते, कारण चिखलणीला आस निम्मा पाण्यात असतो आणि सील जुनी असतात. पाणी मिसळलेल्या ऑईलने बेअरिंग गंजते, आणि एका बेअरिंगच्या पैशांत दोनदा ऑईल बदलून होते. पाणी आत शिरले असेल तर नुसते ऑईल बदलून भागत नाही, शिरण्याची वाट शोधावी. नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा दूध.

ऑईल कोणते, तर पुस्तकात लिहिलेलेच. "गिअर ऑईल द्या" एवढेच दुकानात सांगू नये. एकाच पेटीत हायड्रॉलिक असेल तर ट्रॅक्टर ट्रान्समिशनचे खास ऑईल लागते. नुसते दाट ९० नंबरचे घातले तर थंडीत पंपाला ते ओढवत नाही. डब्यावरच्या जीएल-४ आणि जीएल-५ या खुणाही सारख्या नव्हेत. जीएल-५ मधली गंधकयुक्त द्रव्ये काही वेळा पितळी बुशांना खातात. म्हणून पाच हा चारापेक्षा मोठा, एवढ्यावर ते घेऊ नये. ज्यांच्या नव्या गाड्यांचे ब्रेक तेलातले आहेत त्यांनी तर दुप्पट जपावे. तिथे ब्रेकच्या चकत्या याच ऑईलमध्ये फिरतात, आणि चुकीच्या ऑईलने ब्रेक कर्रकर्र ओरडतो किंवा धरतच नाही.

आता प्रत्यक्ष काम. सपाट जागा पाहा, अंगणाला उतार असेल तर रस्त्याकडेची पट्टी बरी. गाडी पंधरा-वीस मिनिटे फिरवून आणावी म्हणजे ऑईल कोमट होऊन तळाचा गाळही सोबत येतो. फार तापवू नये, हात भाजतो. लिफ्टचे हात पूर्ण खाली, ट्रॉली सोडलेली, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड. मग आधी वरचा भरायचा प्लग सैल करून पाहावा. खालचा काढून सगळे ऑईल सांडल्यावर वरचा निघेना, अशी फजिती झालेले आमच्या पाहण्यात आहेत. तळाला प्लग एकाहून अधिक असतात. पुस्तकातले चित्र पाहून सगळे काढावेत, एखादा राहिला तर तेवढा गाळ आतच राहतो. खाली मोठे घमेले ठेवा. जुन्या १०३५ मध्ये ऑईल तीसएक लिटर असते, तेव्हा एक घमेले पुरणार नाही, जवळ रिकामे कॅन असू द्यावेत.

प्लगला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटले ते बोटाने चोळून पाहा. शाईसारखा बारीक काळा लेप असेल तर काळजी नको, ती नेहमीची झीज. खवले किंवा दात्याचा तुकडा निघाला तर ऑईल भरू नका, मिस्त्रीला बोलवा. पंपाची जाळी काढून डिझेलमध्ये धुवावी आणि वाळवून बसवावी. कागदी फिल्टर असेल तर तो धुवायचा नसतो, बदलायचा. कापसाचा बोळा किंवा सुतळीचे फडके आत फिरवू नये, त्याचे धागे जाळीत बसतात. हवेच्या भोकाची टोपी या वेळी आठवणीने साफ करा. आम्ही ती विसरलो होतो.

प्लग नव्या वॉशरने बसवा, पण पान्याला पाइप लावून आवळू नका. पेटी बिडाची आहे, आटे गेले की दुरुस्ती महाग पडते. नवे ऑईल स्वच्छ नरसाळ्याने सावकाश ओता, शेवटचे दोन लिटर हातात ठेवा. इंजिन सुरू करून लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करा, मग खाली ठेवून, इंजिन बंद करून, थोड्या वेळाने पट्टी पाहा. वरच्या खुणेच्या पुढे जायचे नाही, कमी भरले तर परत ओतता येते. दुसऱ्याची डंपिंग ट्रॉली जोडली की त्याच्या गाडीतले मळके ऑईल आपल्या पोटात येते, हेही ध्यानात असू द्या. नळीच्या तोंडाला टोपी लावावी आणि जोडण्याआधी पुसावे.

पुण्या-मुंबईची मुले हल्ली जुन्या ऑटोमॅटिक मोटारी गावी आणतात, आणि "यातही हेच घालू का?" असे विचारणारे भेटतात. त्यात हे घालू नये. त्या गिअरबॉक्सचे ऑईल वेगळे, बहुधा लाल रंगाचे, आणि गाडीगणिक जात निराळी. प्लग काढला तरी ते सगळे निघत नाही, पुष्कळसे कन्व्हर्टरमध्ये राहते, म्हणून निघाले तेवढे मोजून तेवढेच भरतात. पट्टी असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून गरम असताना पाहतात, म्हणजे ट्रॅक्टरच्या नेमके उलट.

निघालेले ऑईल ओढ्यात, विहिरीच्या कडेला किंवा बांधावरच्या तणावर ओतू नये. कुंपणाच्या खांबांना ते फासण्याची चाल आहे, तीही सोडावी. त्यातली द्रव्ये कातडीला घातक असतात. कॅनमध्ये बंद करून वापरलेले ऑईल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे.

गाडी डोंगरावर नेण्याआधी मोकळ्या मैदानात ब्रेक तपासावा. दोन्ही पायऱ्या एकमेकींना जोडणारी कडी लावलेली आहे ना पाहा. शेतात वळण्यासाठी सोडलेली कडी रस्त्यावर तशीच राहते. सावकाश जाऊन ब्रेक दाबा आणि मागच्या चाकांचे ओरखडे पाहा. एका चाकाचा ओरखडा लांब आणि दुसऱ्याचा दिसतच नसेल तर ड्रम उघडल्याशिवाय केर्ली ओलांडू नये. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला त्यातच उतरा, क्लच दाबून गाडी सोडू नका. ट्रॉलीला ब्रेक नसला तर ती मागून ढकलतेच. आणि ट्रॉलीत माणसे बसवू नका. कायद्याला ते मंजूर नाही, आणि त्या दिवशी आमची ट्रॉली रिकामी होती म्हणून निभावले.